आदर्शलोकाचे मागील दार

१

परिपूर्ण समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या वाङ्मयाचा विचार करताना समीक्षकांचे लक्ष साधारणतः त्या समाजाच्या घटनेकडे जाते. तेथे मालमत्ता खासगी आहे की सामाईक, सत्ता कोणाच्या हाती आहे, विवाहसंस्थेचे व धर्माचे काय झाले, मुलांना कोणते शिक्षण दिले जाते, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवरून ती कृती उदारमतवादी की हुकूमशाहीकडे झुकणारी, याचा निर्णय दिला जातो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या समाजात सगळेच सुखी आहेत असे लेखक सांगतो, त्या समाजात पंगत उठल्यावर उष्टी कोण काढतो, जनावर कोण कापतो, मैला कोण वाहून नेतो, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. भारतीय वाचकाला तो इतरांच्या आधी सुचावयास हवा होता. आपल्याकडील जुन्या शहरांतील वाड्यांना दोन दारे असत. पुढच्या दाराने पाहुणे येत. मागच्या बोळातून मैला उचलणारा माणूस येई. घराची प्रतिष्ठा पुढच्या दारावर ठरे आणि घराचे चालणे मागच्या दारावर अवलंबून असे.

आदर्शलोकाच्या वाङ्मयालाही असे मागील दार आहे. पुष्कळ लेखकांनी ते लावून घेतले, काहींनी किलकिले ठेवले, आणि ज्यांना त्याच दाराने ये-जा करावी लागली त्यांनी, उशिरा का होईना, तेथून जे दिसले ते लिहिले. या दाराशी उभे राहून पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. परिपूर्ण समाजाचे प्रयोग ज्या अनेक कारणांनी मोडले, त्यांत नकोशा कामाच्या वाटणीचे कारण पुन्हा पुन्हा आढळते. शिवाय, स्वप्न रंगविणाऱ्या ग्रंथांपेक्षा मोडलेल्या स्वप्नाचा हिशेब मांडणाऱ्या कृती वाङ्मय म्हणून अधिक सखोल ठरल्या आहेत.

२

थॉमस मोर याचा ‘युटोपिया’ १५१६ मध्ये लुव्हेन येथे लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या या नावाचा अर्थ ‘कोठेही नसलेले ठिकाण’ असा असून ‘चांगले ठिकाण’ हा श्लेषही त्यात ऐकू येतो. ग्रंथाचा पहिला भाग तत्कालीन इंग्लंडच्या दुःस्थितीचा आहे. लोकरीच्या लोभाने जमीनदारांनी शेतजमिनींना कुंपणे घातली, कुळे देशोधडीला लागली, आणि पोटासाठी चोरी करणाऱ्यांना फाशी देण्यात येऊ लागले. या अन्यायाचे मोरचे विश्लेषण आजही तीक्ष्ण वाटते. दुसऱ्या भागात राफाएल हिथ्लोडे हा प्रवासी युटोपिया बेटाचे वर्णन करतो. तेथे ५४ नगरे आहेत, खासगी मालमत्ता नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलली जातात. स्त्री-पुरुष सर्वजण शेती शिकतात आणि दिवसाला सहा तास काम पुरेसे होते. सोन्याला तेथे इतके कमी मोल आहे की, त्याची शौचपात्रे आणि बेड्या घडवितात.

या बेड्या कोणाच्या पायांत असतात, हे मात्र वाचकाने थांबून पाहिले पाहिजे. युटोपियात गुलाम आहेत. गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेले नागरिक, परदेशांतून आणलेले देहान्त शासनाचे कैदी, युद्धात पकडलेले लोक, आणि स्वदेशातील दारिद्र्यापेक्षा हे दास्य बरे म्हणून आपण होऊन आलेले परके मजूर, असे त्यांचे प्रकार मोरने सांगितले आहेत. सामुदायिक भोजनगृहांतील जड आणि घाणेरडे काम हेच लोक करतात. जनावरे मारण्याचे कामही नगराबाहेर त्यांच्याकडेच आहे. आणि त्याचे कारण देताना मोर म्हणतो की, प्राण्यांची हत्या करण्याची सवय लागली तर नागरिकांच्या मनातील दयाभाव हळूहळू बोथट होईल. नागरिकांची करुणा शाबूत राहावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी करुणा खर्ची घालावयाची, ही या व्यवस्थेतील गृहीत धरलेली गोष्ट आहे. ज्या समाजाने खाटीक आणि चर्मकार यांना गावकुसाबाहेर ठेवून आपली अहिंसा आणि सोवळे जपले, त्या समाजातील वाचकाला हा युक्तिवाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

मोरला या गोष्टीची टोचणी मुळीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. ग्रंथाच्या अखेरीस तो युटोपियातील एका धार्मिक पंथाचे वर्णन करतो. या पंथाचे लोक स्वेच्छेने आजाऱ्यांची शुश्रूषा करतात, रस्ते दुरुस्त करतात, चर उपसतात, इतरांना किळस येईल अशी कामे आनंदाने अंगावर घेतात आणि त्याबद्दल कोणाला हिणवीत नाहीत. ही कामे गुलामांकडूनही करविता आली असती. तरीही मोरला असा पंथ कल्पावासा वाटला, यावरून सक्तीचे दास्य हे उत्तर त्याला स्वतःलाही अपुरे वाटत असावे, असे म्हणावयास जागा आहे. पुढील चार शतकांत नकोशा कामासंबंधी जी उत्तरे सुचविली गेली, त्यांतील दोन प्रमुख उत्तरे, म्हणजे परक्याकडून करविणे आणि व्रत म्हणून स्वतः करणे, मोरच्या या छोट्या ग्रंथात आधीच एकमेकांशेजारी उभी आहेत.

३

एकोणिसाव्या शतकात युटोपिया पुस्तकातून उतरून जमिनीवर आला. फ्रान्समधील शार्ल फूरिए (१७७२–१८३७) याने सुमारे १६०० माणसांच्या वसाहतींची योजना तपशिलाने मांडली. माणसाला काम आवडत नाही असे नसून कंटाळवाणे, एकसुरी काम आवडत नाही. तेव्हा ज्याला ज्याची ओढ त्याने ते करावे आणि दीड-दोन तासांनी काम बदलावे, असे त्याचे प्रतिपादन होते. मग घाण कोण उचलणार? फूरिएने हा प्रश्न टाळला नाही. लहान मुलांना चिखलात, घाणीत खेळावयास आवडते. म्हणून मुलांच्या टोळ्या करून त्यांच्याकडे हे काम सोपवावे आणि त्यांना समाजात सर्वोच्च मान द्यावा, असे त्याने सुचविले. या कल्पनेला समीक्षक सहसा हसून सोडतात. वस्तुतः फूरिएने येथे जी गोष्ट कबूल केली ती त्याच्या अनेक पूर्वसूरींनी केली नव्हती: घाण उचलणाऱ्याला जोवर सर्वाधिक मान मिळत नाही, तोवर समाज समतेचा म्हणता येत नाही. परंतु त्याचे उत्तर माणसाच्या उपजत आवडीवर उभे होते. आणि अमुक एका गटाला घाण स्वभावतःच आवडते हे विधान जगात अनेकदा, पुष्कळ कमी निरागसपणे, करण्यात आले आहे.

रॉबर्ट ओवेन याने १८२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना प्रांतात एक संपूर्ण गाव विकत घेतले. जॉर्ज रॅप याच्या धार्मिक पंथाने कष्टाने वसविलेल्या या गावाचे नाव ‘न्यू हार्मनी’ झाले. आवाहन ऐकून सुमारे आठशे ते हजार माणसे तेथे आली. त्यांत विद्वान होते, आदर्शवादी होते, रिकामटेकडेही होते. कसबी कारागीर आणि शेतकरी मात्र कमी पडले. १८२७ मध्ये हा प्रयोग संपुष्टात आला. त्याच्या अपयशाची कारणे सांगताना ओवेनचा अव्यवहारीपणा आणि मतभेद यांवर भर दिला जातो. पण १८२५ च्या घटनेतील एक कलम अधिक बोलके आहे. सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या माणसांना सभासदत्व खुले आहे असे सांगणारी ही घटना कृष्णवर्णीयांना मात्र वगळते. गरज पडल्यास त्यांना मदतनीस म्हणून घेता येईल, अशी सवलत ठेवते. मोरच्या ग्रंथातील स्वेच्छेने आलेला परका मजूर तीन शतकांनंतर येथे ‘मदतनीस’ या सौम्य नावाने पुन्हा भेटतो. समाज नवा असतो, घटना नवी असते, परंतु मागील दाराची जागा बदललेली नसते.

४

या संदर्भात ‘ब्रुक फार्म’ आणि त्यातून निपजलेली कादंबरी यांना विशेष महत्त्व आहे. १८४१ मध्ये जॉर्ज रिप्ली या माजी धर्मोपदेशकाने पत्नी सोफिया हिच्यासह बोस्टनजवळ वेस्ट रॉक्सबरी येथे ही वसाहत सुरू केली. विचारवंत आणि श्रमिक यांच्यातील दरी बुजवावी, शारीरिक व बौद्धिक कामाला सारखेच मोल असावे, हे तिचे तत्त्व होते. एमर्सनला निमंत्रण होते. तो गेला नाही. नथॅनिएल हॉथॉर्न गेला. एप्रिल १८४१ मध्ये तो तेथे दाखल झाला आणि साठविलेल्या पैशांतून त्याने वसाहतीत भाग घेतले. विवाहानंतर तेथेच घर करावे आणि दिवसाचे काही तास शेतीत घालवून उरलेला वेळ लेखनाला द्यावा, असा त्याचा बेत होता. वाट्याला आले ते मुख्यतः उकिरडा उपसण्याचे काम. भावी पत्नीला लिहिलेल्या पत्रांत प्रारंभी तो या खताच्या ढिगाला थट्टेने सोन्याच्या खाणीची उपमा देतो; लवकरच मात्र, शेणाच्या ढिगाखाली माणसाचा आत्माही गाडला जाऊ शकतो, अशी त्याची खात्री झालेली दिसते. त्याच वर्षाच्या अखेरीस तो तेथून निघून गेला. पुढे १८४४ मध्ये ब्रुक फार्मने फूरिएची पद्धत स्वीकारली, १८४६ मध्ये तेथील नवी मोठी इमारत आगीत भस्मसात झाली आणि १८४७ मध्ये वसाहत बंद पडली.

‘द ब्लाइदडेल रोमान्स’ ही हॉथॉर्नची कादंबरी १८५२ मध्ये आली. प्रस्तावनेत त्याने ती ब्रुक फार्मचा इतिहास नाही असे स्पष्ट केले असले, तरी तिच्यातील जमीन त्या अनुभवाचीच आहे. निवेदक माइल्स कव्हरडेल हा सुखवस्तू, अविवाहित, दुय्यम प्रतीचा कवी आहे. समीक्षकांनी या कादंबरीतील प्रेमाच्या गुंतागुंतीवर, हॉलिंग्जवर्थच्या एकारलेल्या सुधारकी वेडावर आणि झेनोबियाच्या आत्मघातावर विपुल लिहिले आहे. सायलस फॉस्टर या पात्राकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. सायलस हा कसलेला शेतकरी असून या सुशिक्षित मंडळींना शेती शिकविण्यासाठी ठेवलेला आहे. मंडळी मानवजातीच्या भवितव्याची चर्चा करीत असताना डुकरे विकत घ्यावयाची की नाहीत, बाजारात भाजीला भाव मिळवावयाचा तर शेजारच्या बागायतदारांवर मात कशी करावयाची, हे तो विचारतो. त्या प्रश्नाने कव्हरडेलच्या लक्षात येते की, स्पर्धेचा त्याग करून बंधुभावासाठी आलेले आपण बाहेरच्या जगाच्या दृष्टीने नवे प्रतिस्पर्धीच आहोत.

पहिल्या रात्रीच्या जेवणाचा प्रसंग या कादंबरीचा गाभा मानावा लागेल. बाहेर हिमवादळ चालू आहे. आत एकाच टेबलावर कवी, सुधारक, झेनोबियासारखी प्रसिद्ध लेखिका, सायलस, त्याची पत्नी आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या दोन धडधाकट मुली बसल्या आहेत. सर्वांना थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. कव्हरडेल हे अवघडलेपण प्रामाणिकपणे नोंदवितो: वरून खाली येऊन बरोबरीने बसणाऱ्याला आपण काहीतरी उदार करीत आहोत याचे सुख मिळते, आणि मनात आले तर उठून जाण्याची वाट त्याला मोकळी असते. त्या दोन मुलींना त्या रात्री काय वाटले, हे मात्र कादंबरी सांगत नाही. त्यांना नावे नाहीत. हा हॉथॉर्नचा दोष की कव्हरडेलच्या दृष्टीची मर्यादा दाखविण्याचे त्याचे साधन, याविषयी मतभेद संभवतो. परंतु कादंबरीत अन्यत्र कव्हरडेलची आत्ममग्नता ज्या सातत्याने उघडी पाडलेली आहे, ते पाहता दुसरा अर्थ स्वीकारणे अधिक योग्य ठरेल.

त्याच दिवशी झेनोबिया कामाची वाटणी सांगते. भाजणे, उकडणे, धुणे, इस्त्री करणे, झाडणे हे तूर्त स्त्रियांकडे. पुढे जमेल तेव्हा काहीजणी शेतात जातील. स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या या तेजस्वी स्त्रीच्या तोंडी ही वाटणी विनोदाच्या सुरात येते. नव्या जगाच्या पहिल्याच दिवशी जुन्या जगातील सर्वांत जुनी वाटणी चर्चेविना मान्य होते, हे त्या विनोदाखाली दडलेले आहे. पुढे कव्हरडेलच्या ध्यानात येते की, ढेकळे फोडता फोडता विचार उदात्त होतील ही आशा खोटी होती; उलट विचारच ढेकळांसारखे होऊ लागले. यावरून हॉथॉर्नने श्रमाची अवहेलना केली, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः खरा नाही. श्रमाला काव्याचा मुलामा देऊन श्रमिकाशी नाते जोडता येत नाही, एवढेच येथे दाखविलेले आहे. सायलसने शेतीला कधी काव्य मानले नाही, म्हणून त्याचा भ्रमनिरासही होत नाही. तो राबत राहतो. कव्हरडेल शहरात परततो.

५

स्त्रियांच्या श्रमाचा जो प्रश्न हॉथॉर्नने विनोदाच्या आडून मांडला, तो लुइझा मे ऑल्कॉट हिने घरातून पाहिला होता. १८४३ च्या जूनमध्ये तिचे वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘फ्रूटलँड्स’ ही वसाहत काढली. मांस, दूध, लोकर सारे वर्ज्य. जनावरांना जुंपणे हेही पाप. जानेवारी १८४४ पर्यंत सर्व आटोपले. तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, लुइझाने ‘ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स’ या छोट्या लेखनात त्या काळाचे चित्र काढले. जनावराच्या पाठीवर ओझे टाकणे ज्यांना मंजूर नव्हते, त्यांच्या घरात ओझे वाहणारा जीव एकच होता, आणि तो म्हणजे आई. पीक कापून पडलेले असताना पुरुषमंडळी कुठल्याशा उदात्त हाकेला ओ देऊन निघून गेली. वादळ येताना पाहून आईने मुलांना हाताशी घेतले आणि कपड्यांच्या टोपल्यांतून, चादरींतून धान्य घरात आणले. या लेखनात संताप आहे, परंतु त्याला कडवटपणा म्हणता येणार नाही. वडिलांच्या स्वप्नाविषयी एक हळवा आदर त्यात शेवटपर्यंत टिकून आहे. टीका आणि ममता यांचा असा तोल या प्रकारच्या वाङ्मयात दुर्मिळ आहे.

बंगालमधील रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्रियांच्या या राज्यात पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत आणि स्वयंपाक, मुले सांभाळणे ही कामे त्यांच्याकडे आहेत. भूमिकांची ही अदलाबदल वाचकांना प्रथम आकर्षित करते आणि समीक्षाही बहुधा तिच्याभोवतीच फिरते. मात्र कथेतील स्वयंपाकघराचे वर्णन अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवे. तेथे धूर नाही, कोळसा नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. शेत विजेवर नांगरले जाते. दिवसाला दोन तास काम पुरते. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या स्त्रीच्या अनुभवातूनच हे स्वप्न जन्मले आहे. युरोपीय आदर्शलोकांत यंत्र बहुधा राज्याच्या वैभवासाठी येते. रोकेयांच्या कथेत ते प्रथम चुलीपाशी येते. नकोसे काम दुसऱ्यावर ढकलण्याऐवजी ते कामच नाहीसे करावे, हे तिसरे उत्तर भारतीय भूमीवर इतक्या स्पष्टपणे एका स्त्रीने मांडले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदविण्यासारखी आहे. तथापि येथेही कोंडलेल्या पुरुषांच्या रूपाने एक मागील दार उरतेच. रोकेयांना त्याची पूर्ण जाणीव होती. तो त्यांच्या उपरोधाचाच भाग आहे.

६

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी व्रताच्या मार्गाने या प्रश्नाकडे वळले होते. रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ वाचून वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले आणि १९०४ मध्ये दरबानजवळ फिनिक्स वसाहत स्थापिली. १९१० मध्ये हर्मान कॅलनबाख यांनी दिलेल्या सुमारे ११०० एकर जमिनीवर, जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर, टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे तेथे राहत. नोकर ठेवावयाचा नाही. स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंत सर्व कामे स्वतः करावयाची, असा नियम होता. खड्डे खणून त्यात मैला पुरला जाई आणि त्याचे खत होई. कॅलनबाख चपला शिवावयास शिकून आले. त्यांच्याकडून ती कला गांधी शिकले. मोरने कल्पिलेला सेवाव्रती पंथ येथे प्रत्यक्षात आला, आणि आदर्शलोकांच्या इतिहासात मागील दार एवढे उघडे क्वचितच ठेवले गेले असेल.

या व्रताची किंमतही गांधींनीच लिहून ठेवली आहे. आत्मकथेत १८९८ मधील दरबानच्या घराची एक हकीकत येते. घरी राहणाऱ्या, पंचम आईबापांच्या पोटी जन्मलेल्या ख्रिस्ती कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावे, आणि तेही आनंदाने उचलावे, असा त्यांचा हट्ट होता. कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा संतापून त्यांनी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. मग कस्तुरबांच्याच शब्दांनी ते भानावर आले. समतेच्या तत्त्वाची पहिली सक्ती घरातील स्त्रीवर होते, आणि सक्तीने करविलेला त्याग हा त्याग राहत नाही, हे या प्रसंगातून उघड होते. स्वतःला आरोपीच्या जागी उभे करून लिहिलेला हा मजकूर आदर्शलोकाच्या वाङ्मयातील श्रेष्ठ आत्मपरीक्षणांपैकी आहे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करताना निःसंदिग्धपणे मांडला. एखादा बॅरिस्टर आपण होऊन मैला उचलतो, तेव्हा ते व्रत असते. ज्याच्यावर जन्माने ते काम लादले आहे, त्याला त्याची थोरवी सांगणे म्हणजे त्याच्या बेडीला सोन्याचा मुलामा देणे होय. युटोपियातील सोन्याच्या बेड्यांची येथे आठवण व्हावी. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) या कादंबरीत हा वाद एका दिवसाच्या कथानकात आधीच आला होता. दिवसभर अपमान सोसलेल्या बाखाला संध्याकाळपर्यंत तीन मार्ग ऐकावयास मिळतात: मिशनऱ्याचा धर्म, गांधींचे हृदयपरिवर्तन आणि एका कवीने सांगितलेले, हात न लावता मैला वाहून नेणारे यंत्र. कादंबरी कोणत्याही मार्गावर शिक्कामोर्तब करीत नाही. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेविरुद्ध भारतात १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला, हे पाहता बाखाची ती संध्याकाळ बरीच लांबली, असेच म्हणावे लागते.

७

आतापर्यंत पाहिलेले बहुतेक आदर्शलोक पुढच्या दाराशी उभे राहून कल्पिलेले होते. मागील दाराशी उभ्या असलेल्या माणसाने परिपूर्ण समाजाचे स्वप्न पाहिले, तर ते कसे असेल? याचे एक उत्तर भारतीय भाषांत मोरच्या काळाच्या आसपासचेच आहे. काशीचे संत रविदास यांचे बेगमपुऱ्याविषयीचे पद १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात समाविष्ट आहे. गम नाही ते गाव, असा या नावाचा अर्थ. या छोट्या पदात घटना नाही, कामाचे तास नाहीत, नगररचना नाही. मालावर कर नाही, भय नाही, दुसरा-तिसरा असा दर्जा नाही. आणि माणूस मनाला येईल तेथे फिरू शकतो, वाड्याचा कोणी त्याला अडवीत नाही. शेवटी कवी आपली ओळख मुक्त झालेला चर्मकार अशी करून देतो आणि जो या नगरात राहतो तो आपला मित्र, असे म्हणतो.

या पदाची तुलना मोठ्या युटोपियांशी केली की, काय गाळले गेले आहे हे प्रथम जाणवते. नंतर असे ध्यानात येते की, जे आले आहे ते इतरत्र फारसे सापडत नाही. रस्त्याने मोकळेपणी चालता येणे हे मोरला, फूरिएला किंवा हॉथॉर्नला स्वप्नात घालण्याजोगे वाटले नसते. ते त्यांच्याजवळ होतेच. रविदासांनी कातड्याचे काम सोडल्याचे पदात म्हटलेले नाही. ते चर्मकारच आहेत, परंतु त्या शब्दाला चिकटलेली बंदी गेलेली आहे. येथे नकोशा कामाचे उत्तर कामाच्या वाटणीत शोधलेले नाही. कामावरून माणसाची हद्द ठरविण्याचा अधिकारच नाकारलेला आहे. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यामागे हे नाते असावे. चोखामेळ्याच्या जोहारात उष्ट्यासाठी आलेला भुकेला माणूस बोलतो. त्याच्या मुखाने मागील दार मराठी कवितेत चौदाव्या शतकातच बोलू लागले होते.

आधुनिक काळात हा आवाज आत्मकथनांतून ऐकू आला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ १९९७ मध्ये. ‘जूठन’मधील एक प्रसंग या विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. लग्नघरी दिवसभर राबलेली लेखकाची आई पंगती उठल्यावर आपल्या मुलांसाठी पानभर अन्न मागते. यजमान उष्ट्या पत्रावळींनी भरलेल्या टोपलीकडे बोट दाखवितो आणि तिची पायरी सांगतो. ती टोपली तेथेच उपडी करून निघून येते आणि पुन्हा त्या दारात जात नाही. मोरच्या भोजनगृहात उष्टी काढणारा गुलाम बोलत नाही. ब्लाइदडेलच्या टेबलावरील मुलींना नावे नाहीत. त्या पंगतींचे वर्णन त्यांच्या बाजूने कसे झाले असते, हे ‘जूठन’ वाचल्यावर कळू लागते. नंतरची कृती आधीच्या कृतींचा अर्थ बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१९८९ नंतर पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हापासून परिपूर्ण समाजाची कल्पनाच घातक आहे आणि तिचा नाद सोडणे हेच शहाणपण, असे मत प्रतिष्ठित झाले. त्या मतामागे विसाव्या शतकातील भीषण अनुभव आहे, हे नाकारता येत नाही. तथापि जगाकडून फार अपेक्षा करू नये, हा सल्ला ज्याच्या वाट्याला पुढचे दार आले आहे त्याला देणे सोपे असते. टोपली उपडी करणाऱ्या आईजवळ कोणतीही योजना नव्हती. पण हे असे असू नये, आणि वेगळे असू शकते, ही जी खात्री तिच्या कृतीत आहे, ती नसती तर एकही युटोपिया लिहिला गेला नसता. साहित्याच्या अभ्यासकाने आदर्शलोकाची नवी-जुनी चित्रे तपासताना ती खात्री कोणाच्या वतीने बोलली गेली आहे, हे प्रथम पाहावे. घटनेची कलमे त्यानंतर वाचावीत.